नेतृत्व शिबिरात घडतं की पावतीपुस्तकावर?

माजी_खजिनदार
आमच्या गावात परवा तरुणांसाठी दोन दिवसांचं नेतृत्व विकास शिबिर झालं. व्याख्यानं, गटखेळ, शेवटी प्रमाणपत्र. पुतण्याला विचारलं, "काय ठरवलंत तिथे?" म्हणाला, "ठरवायचं काहीच नव्हतं काका."

ज्या उपक्रमात पोरांच्या हाती खरे पैसे आणि खरा निर्णय नाही, तिथे नेतृत्व येत नाही, असं माझं ठाम मत आहे. मी एकोणिसाव्या वर्षी गणपती मंडळाचा खजिनदार झालो. मंडळाची न्यास म्हणून नोंदणी नव्हती. अशा वेळी वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाकडून कलम ४१-क ची परवानगी काढावी लागते, हे मला तो अर्ज भरताना कळलं. विसर्जनानंतरच्या सभेत हिशेब वाचला तर ४५० रुपये जास्त भरत होते. समोर चाळीसेक माणसं, त्यात माझे वडील. "जास्तच आहेत ना, सोड," असं दोघं-तिघं म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, "पावत्यांच्या स्थळप्रती काढ आणि इथेच बसून जुळव." रात्री साडेअकराला सापडलं. ५०१ ची पावती मी वहीत ५१ लिहिली होती. तोवर एकही माणूस उठला नव्हता. त्या रात्री मला जे मिळालं, ते कुठल्या शिबिरात मिळेल?

रोहिणी_नक्षत्र
त्या चाळीस माणसांत बायका किती होत्या, दादा?

आमच्या मंडळात मी सहा वर्षं रांगोळी काढली आणि प्रसाद वाटला. पावतीपुस्तक मागितलं तर "रात्री-अपरात्री फिरावं लागतं" हे उत्तर. मला पहिली संधी दिली ती कॉलेजच्या एनएसएसने, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेने. १९६९ पासून चालू असलेली योजना आहे ही. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर. शिबिरात आम्ही सांडपाणी जिरवायचे शोषखड्डे खणत होतो. तिसऱ्या दिवशी एक आजी खड्ड्याच्या कडेला येऊन बसल्या, "माझ्या दारात नको." मुलं चिडली, सरपंचांना बोलवा म्हणाली. मी कुदळ खाली ठेवून आजींशेजारी बसले. त्यांना पावसात घराची भिंत ओल धरेल ही भीती होती. मग आम्ही खड्डा भिंतीपासून लांब घेतला. गटप्रमुख मी होते, त्यामुळे निर्णयही माझाच होता.

चौकातला_एक
रोहिणीताईंशी सहमत. मंडळांबद्दल इतकं भारावून बोलू नका. आमच्या चौकात पोरं वर्षभर एका नेत्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स बांधतात. निवडणूक आली की त्यांनाच पेट्रोल देऊन रॅलीत फिरवतात. पस्तिशी आली तरी ती "कार्यकर्ते"च. हिशेब विचारणारा मुलगा पुढच्या वर्षी कार्यकारिणीत नसतो, हे मी माझ्या भावाच्या बाबतीत पाहिलंय.

माजी_खजिनदार
हे खरं आहे, नाकारत नाही. पण पोरांना दुसरीकडे जागा कुठे ठेवलीय? १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजच्या थेट निवडणुका गेल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्यात तरतूद परत आली, पण २०१९ मध्ये निवडणुका पुन्हा लांबणीवर टाकल्या. ताई, तुमच्या शिबिरात पैसे कोणाकडे होते? सरांकडेच ना?

रोहिणी_नक्षत्र
भाजीचे आमच्याकडे होते. रोज सकाळी सर मोजून द्यायचे, संध्याकाळी आम्ही हिशेब द्यायचो. त्यामुळे पैशांचा मुद्दा मला पटतो. पण तो दाराच्या आतल्यांचा मुद्दा आहे. आम्हाला आधी दारच उघडत नाही.

शाखेवरचा
मी लहानपणी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जायचो. १९४१ मध्ये एसेम जोशी पहिले दलप्रमुख झाले, तेव्हापासूनची ही संघटना. मला तुम्हा दोघांचंही पटत नाही. दहा दिवसांचा उत्सव काय, सात दिवसांचं शिबिर काय, पाहुणे निघून गेल्यावर काय उरतं? आमच्याकडे शाखा रोज संध्याकाळी भरायची. गटातला मुलगा दोन दिवस आला नाही की गटनायकाने त्याच्या घरी जायचं. मी अकरा वर्षांचा असताना असाच एका घरी गेलो. तो मित्र धाकट्या बहिणीला सांभाळत बसला होता, आई कामावर. दुसऱ्या दिवसापासून ती बहीणही मैदानात आली, आळीपाळीने आम्ही तिला सांभाळलं. कुणी शिकवलं नव्हतं. पैसा नव्हता, पदही नावापुरतं होतं. पण रोज जावं लागायचं.

चौकातला_एक
रोज संध्याकाळी मोकळी असलेली मुलं आज दाखवा. क्लास साडेआठला सुटतो.

शाखेवरचा
मग रविवारी भरवा. पण वर्षभर भरवा.

माजी_खजिनदार
हे मला लागलं. आमच्या मंडळाची सभा पंधरा दिवसांनी आहे. या वर्षी दोन पावतीपुस्तकं मुलींकडे द्यावीत, असं मी मांडणार आहे.

रोहिणी_नक्षत्र
पुस्तकं नकोत, दादा. खजिनदारपद मांडा. आणि सभा रात्री दहाला ठेवू नका, संध्याकाळी सहाला ठेवा.