जुन्या पद्मिनीचा सायलेन्सर घरीच केला, चुकलं काय?

फोंड्याचा फियाटवाला
मिरगाआधीच लिहून टाकतो, नाहीतर पाऊस लागल्यावर सगळे "आम्ही म्हटलंच होतं" म्हणत येतील. माझी पद्मिनी, म्हणजे प्रीमियर कंपनीची जुनी फियाट गाडी, १९८६ची. १०८९ सीसीचं इंजिन अजून एका सेल्फमध्ये उठतं. रड आहे ती सायलेन्सरची. सहा वर्षांत बाजारातले तीन लावले. वरून चकचकीत रंग, पत्रा मात्र पापडासारखा. दुसरी चतुर्थी येईपर्यंत खालून चाळण! शेवटचा तर बोरीच्या पुलावर तुटून रस्त्याला घासत आला. मागचा स्कूटरवाला हॉर्न मारत होता, मला वाटलं जुनी गाडी बघून खूश झालाय.

म्हणून यंदा मॅनिफोल्डच्या फ्लँजपासून (इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथला जोड) शेपटापर्यंत, म्हणजे पाइपाच्या मागच्या टोकापर्यंत, सगळं स्वतः केलं. १६ गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप आणला. वाकवायचं मशीन कुठून आणणार? पाइपात वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्ट्या ठोकल्या, गॅसने लाल केला आणि आंब्याच्या बुंध्यात अडकवून ओढला. मागच्या ॲक्सलवरून जाणारा वाक तिसऱ्या पाइपाला जमला. पहिले दोन परसात पडलेत, बायको त्यावर कारल्याचा वेल चढवणार म्हणते. सायलेन्सर म्हणजे मधे भोकांची नळी, भोवती ग्लास वूल (काचेच्या तंतूंचा कापूस), वरून डबा. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या गाडीला हाच मार्ग. तयार माल आपल्या खाऱ्या हवेसाठी बनतच नाही.

सासष्टीकर
मेहनतीला नमस्कार, पण रोगाचं निदानच चुकलंय. खारं वारं पाइप बाहेरून खातं, सायलेन्सर मरतो तो आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. लांबच्या फेरीत ते वाफ होऊन निघून जातं. तुम्ही घरातून निघून बाजारात मासळी घेऊन परत आलात, तर डबा तापायच्या आतच वाफेचं पाणी होतं, धुरातलं आम्ल घेऊन तळाशी बसतं. वर तुमचं ग्लास वूल ते स्पंजासारखं धरून ठेवणार. जाड पत्र्याने एखादा पावसाळा जास्त निघेल इतकंच.

दोन प्रश्न. डब्याच्या तळाला भोक ठेवलंय का? आणि वाळू कुठली होती?

फोंड्याचा फियाटवाला
भोक? मी गळती बंद करायला दोन रविवार घालवले आणि तुम्ही भोक पाडायला सांगता! वाळू मेहुण्याने कोलव्याच्या समुद्रकिनाऱ्यावरून पोत्यात आणली. नदीची हल्ली मिळते कुठे? का?

सासष्टीकर
मग मिठाची पुरचुंडी तुम्हीच आत भरलीत की! खाऱ्या हवेवर राग आणि पाइपात कोलव्याची वाळू. वाकवून झाल्यावर पाइप गोड्या पाण्याने धुतला नसेल, तर बाजारातल्या चौथ्या सायलेन्सरचे पैसे बाजूला काढून ठेवा.

मुंबईहून
मंडळी, मुळात हे बेकायदेशीर आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: गाडीत फेरफार नको. आवाज-धुराचे नियम मोडले तर कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड. कंपनीने दिलं तेच लावा.

कुंडईचा वेल्डर
कंपनीने पद्मिनी बनवणं केव्हाच बंद केलंय हो. "तेच" आणायचं कुठून? कलम ५२ वाचायचंच तर पूर्ण वाचा. आरसी बुकातला तपशील मूळपेक्षा वेगळा होईल असा बदल नको, असं ते म्हणतं. सायलेन्सरचा डबा कुणी बनवला हे आरसीत नसतं. केंद्रीय नियम १२० प्रमाणे आवाज शक्य तितका कमी करणारं साधन हवं, आणि पीयूसीला (धुराच्या तपासणीला) या वयाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत हवा. घरच्या डब्याने हे दोन्ही साधलं तर भांडण कशाला? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग असतंच, तिथे साहेब खाली वाकून बघतो.

फियाटवाले बाब, मला कायद्याची चिंता नाही. फोटोत शेपूट दिसत नाही. पाइप संपतो कुठे?

फोंड्याचा फियाटवाला
बंपरच्या चार इंच आत. मुद्दाम तसा ठेवला, रिव्हर्स घेताना गडग्याला ठोकर लागू नये म्हणून.

बांदोड्याची
पाइप कुठे संपतो ते राहू दे, आवाज कुठवर येतो ते विचारा. आमच्या वाड्यावरही एकाने असाच "घरचा" लावलाय. सकाळी साडेसहाला तो गाडी काढतो तेव्हा देवघरातली घंटा आपोआप वाजते. भोकांची सरळ नळी म्हणजे धुराला अडवायला मधे काहीच नाही, सगळी मदार त्या वूलवर. ते जळून उडालं की नुसता पत्र्याचा ढोल. ज्याची गाडी त्याला ते संगीत वाटतं, बाकीच्यांनी काय पाप केलंय?

फोंड्याचा फियाटवाला
ताई, माझी एवढी वाजत नाही. थोडी घुमते, मान्य. पण धूर मोकळा झाल्याने पिकअप वाढलंय.

कुंडईचा वेल्डर
पिकअपचं पुढे बघू, आधी शेपूट. गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीमागे हवा विरळ होते आणि धूर उलटा डिकीकडे ओढला जातो. चाळीस वर्षांच्या डिकीचं रबर कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांच्या गाडीला एका गॅरेजने असाच आखूड पाइप जोडला होता. जुलैत बेळगावहून चोर्ला घाटातून येत होतो. पाऊस म्हणून चारही काचा बंद. मागे बसलेली दोन्ही मुलं लागोपाठ झोपली, आम्ही म्हटलं दमली. मग बहीण म्हणाली डोकं फुटतंय, मळमळतंय. घाट लागला असेल म्हणून आम्ही तेही सोडून दिलं. तिने उलटीसाठी गाडी थांबवून दार उघडलं म्हणून कळलं, कारण मुलं हलवूनही नीट जागी होईनात. उघड्यावर पावसात उभी केली तेव्हा कुठे ताळ्यावर आली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वास येतो तो बाकीच्या धुराचा, आणि नाक त्याला पाच मिनिटांत सरावतं.

आणखी एक. पाइप गाडीखाली टांगून धरणारे हँगर कसे लावलेत?

फोंड्याचा फियाटवाला
पट्टी वेल्ड करून थेट चॅसीला बोल्ट. रबराचे दर वर्षी तुटतात.

कुंडईचा वेल्डर
तुटायलाच असतात ते! दोन मीटर एमएस पाइप तीनशे अंशांनी तापला की सातेक मिलिमीटर लांब होतो. इंजिन आपल्या माउंटिंगवर डुलतं ते वेगळंच. पट्ट्या हलू देणार नाहीत, मग चीर जाणार मॅनिफोल्डच्या फ्लँजला, थेट तुमच्या पायांसमोर.

मुंबईहून
मग मी काय म्हणत होतो? नकोच हे घरचे उद्योग.

सासष्टीकर
नाही, मी तेवढं म्हणणार नाही. बाजारचे तीन लावून बघितलेत त्यांनी. आणि चोर्ल्याची गोष्ट गॅरेजमधल्या पाइपाची आहे, घरच्या नव्हे.

फोंड्याचा फियाटवाला
आत्ता खाली जाऊन बघून आलो. डिकीचं रबर डाव्या कोपऱ्यात नाहीच, तिथून बोट आत जातं. पोरगी मागेच बसते. शेपूट उद्याच बंपरच्या बाहेर काढतो, तोवर गाडी गेटच्या आत. हँगरही रबराचे करतो. वाळूवर मात्र मी हरलो नाही, पाइप धुवून गॅसने सुकवून परत लावीन. आणि मत तेच, चौथा पापड विकत घेणार नाही.

भोक नक्की केवढं पाडू?

सासष्टीकर
एक सूत, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. डब्याच्या सगळ्यात खोल जागी. ताईंसाठी सांगतो, तेवढ्याने आवाज वाढत नाही.

कुंडईचा वेल्डर
शेपटाचं वेल्डिंग घरी नको, पेट्रोलची टाकी मागेच आहे. पाइप सोडवून नुसता तोच घेऊन या, सीओ-टू वेल्डिंगच्या मशीनने करून देतो. गुरुवार सोडून कधीही, त्या दिवशी आमच्याकडे लाइट जाते.