शो कार: आधी बॉनेट उघडा

चकचकीत रंग दिला आणि मोठी अलॉय चाकं लावली की झाली शो कार, म्हणजे प्रदर्शनात मांडायची गाडी, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. मूळचं १०८९ सीसी इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर तसाच आहे का? दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? मॅटखालचा पत्रा कसा आहे? मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो, आणि पुट्टी भरून लपवणारे गल्लोगल्ली आहेत. लोहचुंबक लावा, जाड पुट्टीवर धरणारच नाही! अमेरिकेत पेबल बीचला १९५० पासून जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथेही अस्सलपणा बारकाईने तपासतात. इंजिन बदललेली गाडी कस्टमच्या, म्हणजे आपल्या आवडीने बदल केलेल्या गाड्यांच्या रांगेत लावा की. तिथे वेल्डिंग-वायरिंगची सफाई बघू. क्लासिक, म्हणजे मूळ रूपातली जुनी गाडी म्हणून मात्र नको.