पावलांवर विम्याचा हप्ता? मग माझी आई आळशी ठरली

कपाशीवाला:
'रोज दहा हजार पावलं चालणाऱ्याला आरोग्य विम्याचा हप्ता कमी, आळश्यांना जास्त. घड्याळ खोटं बोलत नाही', असं तलावकाठ साहेबांनी काल लिहिलं. रात्री वाचलं, सकाळी परत वाचलं, आता राहवत नाही.

घड्याळ खोटं बोलतं, भो. पोराने त्याचं घड्याळ माझ्या आईच्या मनगटावर बांधलं आणि ती कापूस वेचायला गेली. दोन पावलं टाकायची, वाकायचं, बोंडातला कापूस ओढून ओटीत टाकायचा, परत दोन पावलं. सूर्य मावळला तेव्हा तिला कंबर सरळ करता येईना, आणि घड्याळात २,९००. दुसऱ्या दिवशी तेच घालून मी मोटारसायकलवर तालुक्याला जाऊन आलो. रस्ता आमच्याकडचा, खड्ड्याखड्ड्याला आकडा वाढला. चारशे पावलं सीटवर बसून!

आणि दहा हजार हा आकडा तरी कुठून आला? १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. विकणाऱ्याचा आकडा तुम्ही आमच्या हप्त्याला लावता.

तलावकाठ:
आईंबद्दल आदर आहे, पण एका घरावरून धोरण ठरत नाही. माझी शुगर गोळीने हलत नव्हती, जळगावच्या मेहरूण तलावाच्या चकरांनी हलली. जपानचं खरं असेल, म्हणून चालणं खोटं ठरत नाही. हार्वर्डच्या आय-मिन ली यांचा २०१९ चा अभ्यास वाचा, जवळपास १७ हजार वयस्क बायकांचा. जास्त चालणाऱ्या कमी दगावल्या.

कपाशीवाला:
वाचलाय. त्यात फायदा साडेसात हजारांपाशी थांबतो, पुढे वाढत नाही. ते सोयीने गाळलं का?

बामणोदकर:
घड्याळाची गंमत माझीपण ऐका. डिसेंबरात मळ्यात भरीत होतं. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, सोलली, मी ठेचायला बसलो. घड्याळ उजव्या हातात. ठेचून उठलो तर बाराशे पावलं! ढुंगण जागचं हललं नव्हतं. वर तेल किती ओतलं, ते घड्याळाने विचारलं नाही.

धुळ्याची माई:
ठेचत कशाला बसता? मिक्सरला एक फेरी द्यायची. आणि टोमॅटो टाकला की तेल निम्मं लागतं.

बामणोदकर:
टोमॅटो? भरितात? माई, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. संपलं. मिक्सरमधून निघतं ती चटणी.

धुळ्याची माई:
माले नको शिकाडू. चाळीस वर्षं रांधतेय. तुम्ही पुरुष वर्षातून एकदा मळ्यात ठेचता आणि वर्षभर सांगत फिरता. भांडी कोण घासतं? ती पावलं मोजा.

बामणोदकर:
भांडी मी घासतो. विषय टोमॅटोचा आहे.

तलावकाठ:
विषय विम्याचा आहे!

बामणोदकर:
तुम्ही भरितात टोमॅटो घालता का, तेवढं सांगा. मग विम्याचं बघू.

तलावकाठ:
कधीकधी.

बामणोदकर:
वाटलंच होतं.

रात्रपाळी_भुसावळ:
तुमचं होऊ द्या, पण घड्याळाला सरसकट शिव्या नको. मोठ्या भावाला मध्यरात्री घड्याळाने सूचना दिली, ठोके अनियमित. आम्ही हसलो, म्हटलं पट्टा सैल असेल. खालचा हिरवा दिवा कातडीला टेकला नाही तर भलतेच आकडे येतात, हे खरंच आहे. पट्टा आवळला, तरी तेच. सकाळी दवाखान्यात ईसीजी काढला, तिथेही ठोके अनियमितच निघाले. आज गोळ्यांवर ठीक आहे. ते घड्याळ नसतं तर तो कामावर गेला असता.

कपाशीवाला:
बरं, नाडीचं घड्याळाकडे. मानलं. पण भावाला सूचना मिळाली, दंड नाही झाला. मी दंडाविरुद्ध बोलतोय. ज्याच्याकडे घड्याळ घ्यायला पैसे नाहीत त्याने जास्त हप्ता भरायचा, हे कुठलं शहाणपण?

तलावकाठ:
घड्याळ सरकारने फुकट वाटावं.

कपाशीवाला:
वा! चार्जिंगला वीजपण पाठवा मग. आमच्याकडे शेताला रात्री येते, तेव्हा आई पाणी भरायला जाते. अंधारातली पावलं धरता का?

तलावकाठ:
तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आज ६,८०० झालीत, उरलेली पूर्ण करायला निघालो.

रात्रपाळी_भुसावळ:
साहेब, दुपारचे दोन वाजलेत, बाहेर ४४ आहे. रुमाल बांधा डोक्याला.