जाड्या बोक्यासाठी डबाबंद खाणं घेताना नक्की काय बघायचं?

बोकेवाली:
मंडळी मदत हवीय. बोका सात वर्षांचा, नसबंदी झालेला, चोवीस तास घरात, वजन ६.८ किलो. व्हेट म्हणाले याच्या अंगकाठीला ५ किलोच्या आसपास पुरे. बरगड्या हाताला लागत नाहीत आणि वरून बघितलं तर कंबर नावाचा प्रकारच नाही. रक्त तपासून झालंय, शुगर लिव्हर किडनी सगळं ठीक. आत्तापर्यंत ड्राय फूडचा वाडगा कायम भरलेला असायचा आणि हे महाराज येताजाता तोंड घालायचे. आता ओल्या खाण्यावर न्यायचं ठरवलंय पण तीन डबे समोर मांडून बसलेय आणि डोकं चालत नाहीये. पुढच्या बाजूला कुणी हेल्दी म्हणतंय, कुणी इनडोअर, कुणी नॅचरल. मागच्या बारीक अक्षरांत टक्क्यांमध्ये असं आहे:

पहिला पॅटे, म्हणजे तो घट्ट गोळा असतो तो. प्रोटीन १०.५, फॅट ६, फायबर १, ॲश (म्हणजे खनिजं) २.५, मॉइश्चर ७८.
दुसरा ग्रेव्हीतले तुकडे. प्रोटीन ९, फॅट २.५, फायबर ०.५, ॲश २, मॉइश्चर ८१.
तिसरा ट्यूनाचे रेषे पातळ सूपमध्ये. प्रोटीन १३, फॅट ०.५, फायबर ०.५, ॲश १.५, मॉइश्चर ८४.

कॅलरी एकावरही नाहीत. आणि ड्रायच्या पिशवीवर प्रोटीन ३२ टक्के लिहिलंय, मग डब्यात फक्त १०च का? ओल्यात मांस कमी असतं का काय?

कागदी वाघ:
आधी शेवटचा प्रश्न कारण सगळी गंमत तिथेच आहे. डब्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणून आकडे लहान दिसतात. पाणी बाजूला काढून बघा. पहिल्या डब्यात ७८ पाणी म्हणजे कोरडा माल उरला २२, त्यात प्रोटीन १०.५, म्हणजे जवळजवळ ४८ टक्के. तुमच्या ड्रायमध्ये मॉइश्चर १० धरलं तर ३२ भागिले ९०, म्हणजे साधारण ३६ टक्के. म्हणजे डबाच पुढे आहे.

आता कार्ब. लेबलवर ते सहसा लिहीतच नाहीत, आपणच काढायचे. १०० मधून बाकी सगळं वजा करा, उरेल ते कार्ब. पहिल्यात २ उरतात, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात जेमतेम अर्धा. कोरड्या मालाच्या हिशेबात पहिला ९ टक्के, दुसरा २६ टक्के. ग्रेव्ही दाट करायला स्टार्च घालतात, ते इथे दिसतं. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी, त्याच्या शरीराला कार्बची गरज अशी नसतेच. त्यामुळे माझं मत पहिला डबा, डोळे झाकून.

फक्त एक लक्षात ठेवा, लेबलवर प्रोटीन आणि फॅट ‘किमान’ असतात आणि फायबर, मॉइश्चर ‘कमाल’, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचाच. काही डब्यांवर ॲश लिहीत नाहीत, तिथे दोन-अडीच धरून चाला.

सुस्तमाऊ:
वाघोबा डोळे झाकून नको हो, हिशेब अर्धाच केलात तुम्ही. बोका जाड आहे म्हणजे आधी कॅलरी बघायला हव्यात आणि त्या तुम्ही काढल्याच नाहीत.

पाळीव प्राण्यांच्या खाण्यासाठी प्रोटीनला ग्रॅममागे ३.५ कॅलरी, कार्बला ३.५ आणि फॅटला ८.५ धरतात. पहिला डबा १०० ग्रॅमला साधारण ९५ कॅलरी, त्यातल्या ५१ एकट्या फॅटच्या. दुसरा ७०. तिसरा ५०. आता १०० कॅलरीमागे प्रोटीन किती ते बघा, पहिल्यात ११ ग्रॅम आणि दुसऱ्यात जवळजवळ १३. म्हणजे ज्या ग्रेव्हीला तुम्ही नाकं मुरडताय तीच तेवढ्या कॅलरीत जास्त प्रोटीन देतेय आणि वर वाटीत खाणंही जास्त दिसतंय. जाड मांजराला भुकेलं न ठेवता बारीक करायचं तर हे महत्त्वाचं. डायबेटिक मांजर असतं तर मीही कार्बवरच अडून बसले असते, पण इथे शुगर नॉर्मल आहे म्हणतायत ना ताई.

कार्बला व्हिलन करून फॅटने ठासून भरलेला पॅटे लोक बिनधास्त वाढतात आणि मग म्हणतात ओलं खाणं देऊनसुद्धा वजन हलत नाही. कसं हलेल.

बोकेवाली:
अरे बापरे, हे भारीच निघालं. मग ५० कॅलरीवाला तिसराच सगळ्यात बेस्ट नाही का? प्रोटीनही भरपूर, फॅट नाहीच्यात जमा, आणि बोक्याला ट्यूना म्हणजे जीव की प्राण.

अर्धा डॉक्टर:
थांबा थांबा. पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पूर्ण व्हेट नाही, नावातच लिहिलंय. पण तिसऱ्या डब्यावर ‘कंप्लीट अँड बॅलन्स्ड’ किंवा नुसतं ‘कंप्लीट’ लिहिलंय का ते आधी शोधा. माझी पैज, तिथे ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘इंटरमिटंट ऑर सप्लिमेंटल फीडिंग’ असं काहीतरी असणार. सूपमधले नुसते माशाचे किंवा चिकनचे रेषे बहुतेक वेळा तोंडी लावण्यापुरतेच असतात, पूर्ण जेवण म्हणून बनवलेलेच नसतात. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो ॲसिड खाण्यातून मिळावंच लागतं, ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. व्हिटॅमिन ए सुद्धा तयार लागतं, आपल्यासारखं गाजरातून बनवता येत नाही त्याला. पूर्ण खाण्यात हे सगळं मोजून घातलेलं असतं, तोंडी लावण्यात असेलच असं नाही.

‘कंप्लीट’ची ही ओळ आफको (अमेरिकेतली पशुखाद्य नियामकांची संघटना) किंवा फेडियाफ (युरोपातला पाळीव प्राण्यांच्या खाद्य उद्योगाचा महासंघ) यांच्या निकषांवर बेतलेली असते. बाकी डब्याच्या पुढच्या बाजूला जे लिहितात त्यातल्या ‘हेल्दी’ ला काही व्याख्या नाही, ‘इनडोअर’ लाही नाही. ‘लाइट’ ला मात्र आफकोची आहे, मांजराच्या ओल्या खाण्यात १०० ग्रॅमला ९५ कॅलरीच्या वर जायचं नाही. गंमत बघा, तुमचा साधा पॅटे बरोब्बर त्याच रेषेवर आहे. म्हणून लाइट लिहिलंय म्हणजे फार काही हलकं आहे अशी समजूत करून घेऊ नका.

आता किती द्यायचं. जागेवर बसून लागणाऱ्या कॅलरी काढायच्या, सूत्र ७० गुणिले वजनाचा ०.७५ वा घात, आणि वजन आजचं नाही, जे हवंय ते धरायचं. ५ किलोला २३४ येतात. वजन उतरवायला त्याच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करतात, म्हणजे रोजच्या १८७. दुसरा डबा दिलात तर २६५ ग्रॅमच्या आसपास, पहिला दिलात तर दोनशेला थोडे कमी. दिवसाचा हा सगळा कोटा आहे, खाऊ धरून. खाऊ दहा टक्क्यांच्या वर नको, म्हणजे इथे १८-१९ कॅलरी फक्त. ट्यूनाचे रेषे त्या खाऊत बसवा, बोकाही खूष.

आणि एक, हे मी कुणालाही सांगतो. साधं खाणं खूप कमी केलं की कॅलरीबरोबर बाकीचे घटकही कमी पडतात. व्हेटकडे वजन कमी करायचं जे खास खाणं मिळतं त्यात कॅलरी कमी आणि बाकी सगळं जास्त घट्ट भरलेलं असतं. तुमच्या बोक्याला जवळजवळ दोन किलो उतरवायचेत, मोठा पल्ला आहे, तेव्हा व्हेटना हे विचाराच. १८७ हा आकडाही सुरुवातीचा आहे, काही मांजरं त्यावर उतरतात, काही ढिम्म. दर दोन आठवड्यांनी बघून बदलावा लागतो.

टपोरी मिशी:
इथे सगळे डब्यातच अडकलेत, बोक्याला कोणी विचारलंय का?? सात वर्षं कुरुमकुरुम खाल्लेलं मांजर ओल्या खाण्याकडे बघून पंजाने माती लोटल्यासारखं करतं आणि निघून जातं. तेव्हा एका रात्रीत ड्राय बंद करू नका. आधी भरलेला वाडगा उचला आणि ठरलेल्या वेळा लावा, दिवसातून तीन-चार. मग ड्रायमध्ये चमचाभर ओलं, मग हळूहळू उलटं. पुस्तकात आठ-दहा दिवस लिहिलेलं असतं, हट्टी गडी महिनाही काढतो. खाणं फ्रिजमधून काढून थंडगार ठेवू नका, अंगाच्या उबेइतकं कोमट करा, वास सुटला की निम्मं काम झालं. वर ड्रायचा चुरा भुरभुरवला तर फसतात काही जण :)

फॉर्मबद्दल पण एक. पॅटे आवडणारं मांजर तुकड्यांची नुसती ग्रेव्ही चाटून उठतं, तुकडे तसेच. मग तुमचे वरचे सगळे आकडे गेले पाण्यात, कारण पोटात गेलाय फक्त स्टार्च. म्हणून एकदम पेटीभर आणू नका, दोन-दोन डबे आणून बघा काय जातंय.

अर्धा डॉक्टर:
मिशीने बरोबर सांगितलं आणि त्याला जोडून सगळ्यात महत्त्वाचं. ‘भूक लागली की खाईल गुमान’ हे जाड मांजरावर कधीच करायचं नाही. कुत्र्याला चालून जातं, मांजराला नाही. जाड मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर अंगावरची चरबी भराभर लिव्हरकडे जाते, लिव्हरला ती झेपत नाही, आणि ते जिवावर बेततं. हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. पूर्ण दिवस अन्नाला शिवला नाही तर ड्राय परत द्या आणि व्हेटना फोन करा, उद्यावर ढकलू नका. उपास घडवून वजन उतरवणं तर डोक्यातूनच काढा.

उतरण्याचा वेगही ठरलेला बरा, आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का. म्हणजे तुमच्याकडे ३४ ते ६८ ग्रॅम. ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं पण १.८ किलोला सात-आठ महिने सहज लागतील, वर्षही लागू शकतं.

कागदी वाघ:
सुस्तमाऊंचा फॅटचा मुद्दा मान्य, आकडे समोरच आहेत. तरी मी पॅटेच सोडत नाही, फक्त हाच पॅटे नको. कमी फॅटचा पॅटे मिळतो, कोरड्या मालात फॅट वीस टक्क्यांच्या खाली आणि कार्ब दहाच्या आसपास असा शोधा ना. दोन्ही भांडणं मिटली. आणि डब्यावर कॅलरी छापल्या नसतील तर कंपनीला विचारा, सांगतात. सांगत नसतील तर तो डबा ठेवून द्या सरळ.

सुस्तमाऊ:
हां हे चालेल. फक्त ताई, जे काही द्याल ते किचनच्या काट्यावर तोलून द्या. अर्धा डबा, पाऊण डबा हे डोळ्यांनी मोजलेलं रोज पुढेमागे होतं आणि १८७ मध्ये वीस कॅलरी म्हणजे दहा टक्के. ड्राय थोडं चालू ठेवणार असाल तर जास्तच, त्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात, दहा दाणे जास्त पडले की लगेच फरक. बोक्याचं वजन मात्र माणसांच्या काट्यावर कडेवर घेऊन करू नका, तुम्हाला ५० ग्रॅम पकडायचेत आणि तो काटा तेवढा बारीक नसतो. लहान बाळांचा काटा घ्या किंवा व्हेटकडे जाऊन करा.

घरात अजून माणसं किती आहेत? सगळ्यांना सांगा. दुधाची वाटी, ताटातला तुकडा, हे कोणी मोजत नाही आणि बोका कधीच सांगत नाही की मला मगाशी मिळालंय.

टपोरी मिशी:
उलट तो शपथेवर सांगतो की सकाळपासून उपाशी आहे

बोकेवाली:
हाहा हे अगदी खरं. तिसरा डबा तपासला, अर्धा डॉक्टर पैज जिंकले, खाली अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत कॉम्प्लिमेंटरी लिहिलंय. त्याचे रेषे खाऊ म्हणून वापरेन. दुसऱ्यावर कंप्लीट आहे, तो आणि एखादा कमी फॅटचा पॅटे असं दोन्ही आणून बघते कुठला पसंत पडतो, आणि खास खाण्याचं व्हेटना विचारते. वाडगा आजच उचलला, सध्या माझ्याकडे बघून ओरडणं चालू आहे.

अजून दोन शंका. घरात दुसरी मांजर आहे, ती सडपातळ, तिचं ड्राय हा पळवतो. आणि उघडलेला डबा किती वेळ चालतो?

अर्धा डॉक्टर:
उघडलेला डबा झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. वाटीत काढलेलं दोन तासांत खाल्लं नाही तर टाकून द्या, उकाडा असेल तर त्याआधीच.

दोघांना वेगळ्या खोलीत, दार लावून, वीस मिनिटं, मग दोन्ही वाट्या उचलायच्या. तिला येताजाता खायची सवय असेल तर उंचावर ठेवून बघा, ६.८ किलोला तिथे उडी मारणं सध्या जड जाईल, पण बारीक झाला की ही युक्ती संपली. नाहीतर चिप वाचून उघडणारी वाटी येते, गळ्यातल्या टॅगवर किंवा मायक्रोचिपवर चालते, ती फक्त तिच्यासाठीच उघडेल. काही बोके मात्र ती खात असताना बाजूने डोकं घुसवतात, पहिले काही दिवस लक्ष ठेवा.