कामाच्या दौऱ्यावर असताना संध्याकाळी खरेखुरे संगीत कुठे आणि कसे शोधावे?

हिशेबनीस यांचा प्रश्न:

नमस्कार. माझे काम लेखापरीक्षणाचे असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी सोमवारी पोहोचायचे आणि गुरुवारी निघायचे, असा तीन रात्रींचा दौरा ठरलेला असतो. शहर दर वेळी वेगळे असते, मुक्काम मात्र नेहमी एकाच धाटणीचा असतो: कार्यालयांच्या वस्तीतले हॉटेल, जिथे संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही.

गेल्या दोन दौऱ्यांत मी दोनदा फसले. पहिल्या वेळी ‘लाइव्ह म्युझिक’ अशी पाटी पाहून आत गेले, तर एक गृहस्थ लॅपटॉपवर तयार साथ लावून तिच्यावर गात होते आणि भिंतीवरच्या पडद्यावर चाललेल्या सामन्याचा आवाज त्यांच्या आवाजाहून मोठा होता. दुसऱ्या वेळी तिकिटावर छापलेली आठची वेळ पाळून मी पावणेआठलाच हजर झाले. मंचावर केबल सोडवत बसलेल्या एका मुलाशिवाय तिथे कोणी नव्हते. ज्यांना ऐकायला गेले होते ते पावणेअकराला आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या बैठकीत मला माझ्याच तक्त्यातली बेरीज दोनदा तपासून पाहावी लागली.

नाचगाण्याच्या जागांशी माझे वैर नाही, पण मुख्य ओढ वाजवणाऱ्या माणसांना जवळून ऐकण्याची आहे. मी एकटीच जाते. अनोळखी शहरात, आठवड्याच्या मधल्या रात्री, दुसऱ्या दिवशीच्या कामाला धक्का न लावता अशी जागा कशी शोधावी आणि तिथे गेल्यावर कसे वागावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

खर्ज यांचा प्रतिसाद:

मी नोकरी सांभाळून गेली पंधरा वर्षे बेस गिटार वाजवतो, त्यामुळे मंचावरून जसे दिसते तसे सांगतो. ‘या शहरातली प्रसिद्ध जागा कोणती’ हे विचारणे सोडून द्या आणि ‘आज रात्री कोण वाजवत आहे’ असे विचारा. ज्या जाहिरातीत नुसते ‘लाइव्ह म्युझिक’ एवढेच असते आणि वादकाचे नाव नसते, तिथे संगीताची किंमत पडद्यांइतकी किंवा रंगीत दिव्यांइतकीच असते. जिथे चार नावे आणि प्रत्येक नावापुढे वाद्य लिहिलेले असते, तिथे मालकाला ऐकणारा माणूस हवा असतो. दुसरी खूण छायाचित्रांत सापडते. ड्रमसेट कायमचा मांडलेला आहे का, कोपऱ्यात पियानो आहे का, आणि खुर्च्यांची तोंडे मंचाकडे आहेत की एकमेकांकडे, एवढे पाहिले तरी तुमचा लॅपटॉपवाला अनुभव बहुधा टळेल.

सोमवार ते बुधवार या रात्री तुम्ही अडचणीच्या मानता आहात, पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने त्याच चांगल्या. शुक्रवारी आणि शनिवारी बहुतेक वादक लग्नांत आणि मेजवान्यांत पोटापाण्यासाठी वाजवत असतात आणि तिथे लोकांना तीच ती ओळखीची गाणी हवी असतात. आठवड्याच्या सुरुवातीला हात मोकळे असतात, तेव्हा ते आपल्या आवडीचे वाजवतात. ही रीत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील मिन्टन्स प्लेहाउस या क्लबमध्ये १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला सोमवारच्या रात्री ठिकठिकाणचे वादक सुटीचे जमत, आणि थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर यांच्या अशा रात्रींतून बीबॉप ही जॅझची नवी शैली आकाराला आली. त्याच शहरातील व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये थॅड जोन्स आणि मेल लुइस यांनी १९६६ मध्ये बिग बँड, म्हणजे मोठा जॅझ वाद्यवृंद, उभा केला तोही सोमवारसाठीच, आणि त्या दोघांच्या पश्चात पुढच्या पिढीच्या वादकांनी तो वार जपला आहे.

म्हणून नव्या शहरात मी सर्वांत आधी जॅम सेशन, म्हणजे पाहुण्या वादकांनाही खुली असलेली बैठक, कुठे असते ते शोधतो. त्याचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी यजमान संच पाऊण-एक तास वाजवतो. मग पाहुणे वादक एका कागदावर नाव आणि वाद्य लिहितात आणि त्यांना दोन-तीन रचनांसाठी वर बोलावले जाते. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे ताल न चुकता एकत्र कशी वाजवतात, हे पाहायचे असेल तर त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा. जॅझमध्ये मूळ चालीला ‘हेड’ म्हणतात, त्यामुळे चालीवर परतायचे झाले की कोणीतरी स्वतःच्या डोक्याला हात लावतो. चार बोटे वर झाली, तर पुढे चार-चार बार (तालाची छोटी आवर्तने) ड्रमवाल्याशी सवालजवाब होणार आहेत असे समजा. हा खाणाखुणांचा व्यवहार पहिल्या रांगेतून पाहण्यासारखा असतो. दर्जा मात्र खालीवर होतो. आपला सोलो संपवायचे नावच न घेणारा एखादा सॅक्सोफोनवाला प्रत्येक शहरात असतो आणि त्याला उपाय नाही.

वेळेबद्दल सांगायचे, तर तिकिटावरची वेळ पुष्कळदा दरवाजे उघडण्याची असते आणि मुख्य कलाकाराच्या आधी एक-दोन संच वाजवतात. निघण्यापूर्वी फोन करून ‘मुख्य संच मंचावर किती वाजता येतो’ असे नेमके विचारावे. छोट्या जागांत एकाच रात्री दोन सत्रे असतात आणि मध्ये अर्ध्या तासाची सुटी असते. तुमच्यासारख्यांनी पहिले सत्र ऐकून सुटीत निघावे. त्यात कोणाचाही अपमान होत नाही.

माहिती कुठे मिळते म्हणाल, तर दौऱ्यावर निघालेले नावाजलेले कलाकार बॅण्ड्सइनटाउन किंवा साँगकिक या ॲपवर सापडतात, पण दर मंगळवारी त्याच कोपऱ्यात वाजवणारे स्थानिक त्रिकूट तिथे क्वचितच दिसते. त्यासाठी मी दुपारी वाद्यांच्या दुकानात जातो, गरज नसली तरी एखादी तार किंवा दोन पिक घेतो आणि काउंटरवरच्या माणसाला विचारतो. तो बहुधा स्वतः वाजवणारा असतो, आणि ज्या जागेची त्याला स्वतःला ओढ आहे तिथेच तो तुम्हाला पाठवतो.

पहाटवारा यांचा प्रतिसाद:

खर्ज यांचे म्हणणे वाद्यसंगीतापुरते मान्य आहे, पण ‘नाइटलाइफ’ या शब्दात डीजेचे संगीतही येते आणि तिथे गणित नेमके उलटे होते. चांगले क्लब आठवड्याच्या मधल्या रात्री बंद तरी असतात किंवा रिकामे, आणि ज्याला ऐकायला जायचे तो मध्यरात्रीनंतरच सुरुवात करतो. असे काही ऐकायचे असेल तर काम गुरुवारी संपवून परतीचे तिकीट शनिवारचे काढावे, वाढीव रात्रींचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा आणि संध्याकाळी तीन तास सरळ झोपून घ्यावे. या प्रकारच्या कार्यक्रमांसाठी रेसिडेंट ॲडव्हायझर हे संकेतस्थळ उपयोगी पडते.

दुसरा मुद्दा कानांचा आहे आणि तो रॉकच्या मैफिलीलाही लागू होतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास राहणे चालते, पण पुढे दर ३ डेसिबलमागे तो अवधी निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मैफिलीच्या जागांसाठी जे मानक जाहीर केले, त्यात सरासरी आवाजाची कमाल मर्यादाच १०० डेसिबल आहे. यावरून अंदाज यावा. फोमचे बोळे वरचे सूर अधिक खातात आणि सगळे रजईखालून आल्यासारखे ऐकू येते. वादकांसाठी मिळणारे फिल्टरचे इअरप्लग सर्व सूर साधारण सारखेच खाली आणतात, म्हणून ते घ्यावेत आणि टूथब्रशशेजारी ठेवून द्यावेत. उभे राहायला सर्वांत चांगली जागा ध्वनिमिश्रकाच्या टेबलाजवळची, कारण ज्याच्या हाती आवाज आहे तो स्वतः तिथे बसून ऐकत असतो.

परतीची चावी यांचा प्रतिसाद:

हिशेबनीस ताई, मीही एकटीच फिरते, म्हणून वरच्या दोघांनी ज्याला हात घातला नाही तेवढेच लिहिते. माझा शोध परतीच्या वाटेपासून सुरू होतो. शेवटची गाडी किती वाजता आहे आणि ती चुकली तर दुसरी सोय काय, हे कळल्याशिवाय मी तिकीट काढत नाही, कारण दहा मिनिटांच्या अंतरावरची बरी जागा मला पन्नास मिनिटांवरच्या उत्तम जागेपेक्षा अधिक लाभते. हॉटेलचा पत्ता स्थानिक लिपीत लिहिलेला कागद पर्समध्ये असतो, कारण फोनची बॅटरी मध्यरात्रीच संपते. मी कुठे आहे हे एका सहकाऱ्याला कळवते आणि परतल्यावर एका शब्दाचा निरोप टाकते. पेला टेबलावर सोडून उठले, तर परत आल्यावर त्यातले पीत नाही.

कार्यालयाचा लॅपटॉप घेऊन अशा ठिकाणी जाऊ नका. मोठ्या पिशव्या पुष्कळ ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, त्या दारावरच्या सामानघरात ठेवाव्या लागतात, आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्यांचे हिशेब आहेत. बसण्यासाठी मी मंचाजवळची बाजूची खुर्ची निवडते, कारण तिथे बसलेली बाई ऐकायला आली आहे हे सर्वांना दिसते आणि गप्पा मारायला येणारे कमी होतात. बसण्यापूर्वी प्रवेशशुल्क वेगळे आहे की किमान काही मागवण्याची अट आहे, हे विचारून घ्यावे. काही ठिकाणी दोन्ही असते आणि ते बिल आल्यावरच कळते.

विमानाने दूर जाणार असाल, तर दिशेचाही विचार करा. पश्चिमेकडे गेल्यावर पहिले दोन दिवस संध्याकाळीच डोळे मिटू लागतात, तेव्हा लवकरचे सत्र गाठावे. पूर्वेकडे गेल्यावर मध्यरात्रीपर्यंत झोप फिरकत नाही, त्यामुळे उशिराचे संगीत सहज झेपते आणि त्याचा हिशेब सकाळचा गजर चुकता करतो.

आणि साहेबांना सोबत नेऊ नका. मी एकदा नेले होते. पहिल्याच संथ रचनेत त्यांनी पुढच्या तिमाहीचा विषय काढला आणि पियानोवाल्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले, ते मला अजून विसरता आलेले नाही.

दुसरी घंटा यांचा प्रतिसाद:

रात्र म्हटली की सगळ्यांना क्लब आठवतो, परंतु नऊच्या बैठकीवाल्या माणसासाठी संगीत महाविद्यालये ही सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. शैक्षणिक सत्राच्या शेवटी तिथे विद्यार्थ्यांची सादरीकरणे ओळीने होतात. ती पुष्कळदा विनामूल्य असतात, संध्याकाळी सहा-सातला सुरू होतात, साडेआठपर्यंत संपतात आणि प्रेक्षागृहात विद्यार्थ्याचे आईवडील, चार मित्र आणि परीक्षक एवढीच माणसे असतात. वादक तरुण असतो, वर्षभर त्या एका कार्यक्रमासाठी घासलेला असतो, आणि घामाने ओले झालेले तळवे तो पँटला पुसतो, तेही आपल्याला दिसते.

मोठ्या वाद्यवृंदांच्या सभागृहांत एकटे असण्याचा एक फायदा आहे. तिकिटे जोडीजोडीने विकली जातात आणि मधूनमधून एकेकटी खुर्ची उरते. परत आलेली तिकिटेही कार्यक्रमाच्या आधी तासाभरात खिडकीवर येतात. ‘सर्व तिकिटे संपली’ असे संकेतस्थळ सांगत असतानाही मी खिडकीवर जाऊन एक खुर्ची मागितली आहे आणि अनेकदा ती चौथ्या-पाचव्या रांगेत मिळाली आहे. दोघांना हे सहसा जमत नाही.

हिशेबनीस यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनापासून आभार. या मंगळवारी खर्ज यांनी सांगितल्याप्रमाणे वाद्यांच्या दुकानात गेले. गिटारची तार घेऊन मी काय करणार, म्हणून ट्यूनिंगसाठीचा काटा घेतला. काउंटरवरच्या मुलीने क्षणभर विचार केला आणि माझ्या हॉटेलपासून चालत पंधरा मिनिटांवरची एक जागा सांगितली, जिचे नाव मला कोणत्याही यादीत दिसले नव्हते. फोन करून मुख्य संचाची वेळ विचारली, साडेआठ म्हणाले, आणि खरोखरच साडेआठला त्यांनी सुरुवात केली.

मी ड्रमवाल्यापासून हातभर अंतरावर बसले होते. सुरुवात करण्यापूर्वी त्याने एकदा स्नेअर हा समोरचा छोटा ड्रम वाजवून पाहिला, नाराजीने मान हलवली, खिशातून पैशांचे पाकीट काढून त्याच्या कातड्यावर कडेला ठेवले आणि पुन्हा वाजवला, तेव्हा मागे रेंगाळणारी घुमार बंद झाली. सबंध सत्रभर ते पाकीट तिथेच थरथरत होते. तिसऱ्या रचनेत सॅक्सोफोनवाल्या बाईंनी डोक्याला हात लावला आणि चाल परत आली, तेव्हा मी एकटीच हसले असावे.

पावणेदहाला सुटी झाली तशी परतीच्या वाटेचा विचार करून निघाले. दाराजवळ पाहुण्या वादकांचा कागद टांगलेला होता. त्यावर सहा नावे होती, प्रत्येकापुढे वाद्य लिहिलेले, आणि सर्वांत खाली नाव न लिहिता कोणीतरी बारीक अक्षरात एवढेच लिहिले होते: ‘हार्मोनिका, चालेल का?’ त्याला किंवा तिला वर बोलावले की नाही, हे पाहायला मी थांबले नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच शहरात जायचे आहे आणि बुधवारची बैठक दहाला घ्यावी, असे मी आजच कळवले आहे.