दहा बिग ब्लाइंड उरल्यावरचे ऑल-इन

पोकरमध्ये दोघांच्याच डावात दहा बिग ब्लाइंड (पाने वाटण्याआधी सक्तीने भरायची मोठी रक्कम; तिच्या दहापट चिप्स) उरले की कोणत्याही दोन पानांवर ऑल-इन करावे, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला लावाव्यात, असा एक सल्ला दिला जातो. नुसता कॉल करत, म्हणजे समोरच्याइतकीच रक्कम भरत, चिप्स झिजवण्यापेक्षा ऑल-इन बरे, हे मान्य. त्यातला सरसकटपणा मात्र मला पटत नाही. स्मॉल ब्लाइंडवरून, म्हणजे अर्धा बिग ब्लाइंड आधीच भरलेला असताना, ऑल-इन केले की आपले 9.5 ब्लाइंड पणाला लागतात आणि समोरच्याने पाने टाकली, म्हणजे डाव सोडला, तर दोघांनी आधी भरलेले 1.5 हाती येतात; कॉल झाल्यावर जिंकण्याची शक्यता 35 टक्केच असेल, तर त्याने किमान 62.5 टक्के वेळा पाने टाकली तरच हा व्यवहार परवडतो. त्याला मात्र 20 च्या पॉटसाठी (मधल्या एकूण रकमेसाठी) आणखी 9 भरायचे असल्याने 45 टक्के शक्यताही पुरते.

अमळनेरला आम्ही दिवाळीत चिंचोक्यांवर खेळतो, तेव्हा माझा मामेभाऊ गुलाम-पंजीवरसुद्धा अख्खा ढीग पुढे सरकवतो, पाने म्हणून टाकत नाही. प्रत्येक वेळी कॉल करणाऱ्या अशा खेळाडूसमोर 47.5 टक्क्यांहून कमी शक्यतेच्या पानांवरचे ऑल-इन निव्वळ तोट्याचे ठरते. म्हणून तिथे वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री निमूट टाकावी आणि एक्का, राजा किंवा जोडी आल्यावर बेलाशक ऑल-इन करावे.