मुंबईत कॅमेलिया? आधी एक मे महिना काढून दाखवा

निवडुंग:
'हिरवळ' यांच्या 'गुलमोहर पुरे, आता सोसायट्यांत आणि उद्यानांत कॅमेलिया लावा' या धाग्यावर प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबला म्हणून वेगळा धागा काढतोय. त्यांचं म्हणणं असं: बारमाही हिरवा, चकचकीत पान, सावलीत वाढतो, कुंपणाला शोभतो, जपानच्या बागांत डोळ्यांनी बघितलाय. सगळं खरं. जपानात.

अहो, कॅमेलिया कळी धरतो उन्हाळ्यात, पण ती उमलायला थंडी लागते. आपली थंडी म्हणजे जानेवारीत चार दिवस लोकलच्या दारात उभ्या माणसाने गुंडाळलेला मफलर. सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तोही १९६२ सालचा. त्याच्यावर अजून किती वर्षं शेकोटी पेटवणार? त्याला आम्लधर्मी, पाण्याचा निचरा होणारी माती लागते. सोसायटीची बाग म्हणजे बिल्डरने टाकलेलं राबिट आणि वर वीतभर लाल माती. सिमेंट मुरलेला तो भराव, वरून बोअरचं खारट पाणी, जुलैत मुळं आठ-आठ दिवस पाण्यात. कॅमेलियाची मुळं वरवरची असतात, ती कुजायला किती वेळ?

पुस्तकातलं सांगत नाहीये. २०१६ साली कालिम्पाँगहून रोप आणलं, विमानात मांडीवर घेऊन. दहिसरला पूर्वेच्या गॅलरीत ठेवलं. वाटाण्याएवढ्या सात कळ्या आल्या. ऑफिसला निघताना रोज मोजायचो. देठापाशी तपकिरी होऊन एकेक गळली. शेवटची मी नुसतं बोट लावलं तर हातात आली. मे महिन्यात पानांच्या कडा करपलेल्या पापडासारख्या झाल्या. दुसरा मे त्याने बघितला नाही.

बकुळ, सुरंगी, उंडी, तामण इथे आपोआप जगतात. तामण तर राज्यपुष्प. ते सोडून हे नखरे कशाला?

हिरवळ:
आलात ना शेवटी देशी-देशीवर! दसऱ्याला तोरण कशाचं लावता? झेंडू मेक्सिकोचा. गुलमोहर मादागास्करचा. राणीच्या बागेतली उर्वशी ब्रह्मदेशातली. विक्रोळीला हायवेच्या कडेने तबेबुया गुलाबी झाला की गाडी थांबवून फोटो काढणारे तुम्हीच, तो कुठला, रत्नागिरीचा? आणि सकाळी ज्याच्यावर डोळे उघडतात तो चहाही कॅमेलियाच्याच कुळातला. तुमचं रोप मेलं म्हणून अख्ख्या मुंबईला बंदी? माझ्याकडे बोरिवलीत कुंडीत आहे आणि छान फुलतो. हात लागतो त्याला.

निवडुंग:
परदेशी म्हणून नको, असं मी कुठे लिहिलंय? हवामान म्हटलंय. आणि चहा दार्जिलिंगला, आसामला, निलगिरीत होतो. भांडुपला होत नाही. फोटो टाका.

चाळकरी:
कॅमेलिया लावा नाहीतर निवडुंग, फूल झाडावर राहणारे का? आमच्याकडे पहाटे साडेपाचला मॉर्निंग वॉकवाल्यांची टोळी येते. हातात पिशवी, छत्रीच्या दांड्याचा आकडा. फांदी खाली ओढायची, मोडली तर मोडली. जास्वंदीच्या उद्याच्या कळ्यासुद्धा नेतात, 'घरी पाण्यात उमलतात' म्हणून. सहा वर्षांत मी लावलेल्या जास्वंदीचं उमललेलं फूल झाडावर बघितलं नाही. कमिटीत पाच वेळा विषय काढला. फुलचोर सगळे कमिटीतच.

माईआजी:
चोर? देवाला दोन फुलं घेतली तर चोर? झाड सोसायटीच्या जागेत आहे, मेंटेनन्स मीही भरते. आणि कॅमेलियाला म्हणे वास नसतो. बिनवासाचं फूल देवाला काय वाहायचं?

चाळकरी:
जास्वंदीला कुठला वास येतो, आजी? गणपतीला चालते ना? आणि 'दोन' फुलं नव्हे, पिशवी. माझी आजी म्हणायची, न विचारता तोडलेल्या फुलाचं पुण्य झाड लावणाऱ्याला. त्या हिशेबाने मी आत्तापर्यंत स्वर्गात थ्री बीएचके घेतला असता.

माईआजी:
आमच्या वाडीत गिरगावात पारिजातक होता, अख्खी वाडी फुलं वेचायची. कुणी असा हिशेब नाही मांडला. मनं मोठी होती.

चाळकरी:
वेचायची! तोडायची नाही! पारिजातक खाली सडा घालतो, आकडा नाही लागत त्याला!!

लेटलतीफ:
आमच्याकडे कॅमेरा लावला तर फुलं नेणाऱ्यांनी त्याच्यावरच ओला टॉवेल वाळत घातला.

निवडुंग:
मंडळी, धागा कॅमेलियाचा आहे.

चाळकरी:
कॅमेलिया लावून बघा, पहिलं फूल कुणाच्या देव्हाऱ्यात जातं ते कळेल.

खतावणी:
मूळ विषयावर. कॅमेलियाच्या सासांक्वा जातीला ऊन जरा जास्त सोसतं, पण मुंबईच्या दुभाजकावर तीही नको. महाबळेश्वरला जांभ्याची आंबट माती आणि खरी थंडी आहे, तिथे प्रयोग करायला माझी हरकत नाही. निवडुंग यांचं बरोबर आहे, फक्त सांगायची पद्धत त्यांच्या नावासारखी आहे.

हिरवळ:
घ्या फोटो. यंदाच्या जूनमधला. पांढरा, भरगच्च पाकळ्यांचा. नर्सरीत ९०० रुपये मोजलेत, 'व्हाइट कॅमेलिया' अशी चिठ्ठी होती कुंडीला.

खतावणी:
ताई, फोटो मोठा करून बघितला. पानं समोरासमोर जोडीने आलीत, कडा गुळगुळीत. कॅमेलियाचं पान एकाआड एक येतं आणि कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. शिवाय जूनमध्ये फुललं म्हणताय. वास येतो का?

हिरवळ:
येतो म्हणजे? रात्री अख्खी खोली भरून जाते.

निवडुंग:
९०० रुपयांचा अनंत. अभिनंदन. मुंबईत उत्तम येतो, हात लागत नाही.

हिरवळ:
हसा. मातीचं तुमचं बरोबर असेल, बाकीचं नाही. आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारच्या काकू बेल वाजवून विचारायच्या, 'अनंत उमललाय का गं? एक फूल हवं होतं.' मी दोनदा त्यांना सुधारलं, 'काकू, कॅमेलिया म्हणायचं.' त्या मान डोलवायच्या आणि फूल घेऊन जायच्या.

चाळकरी:
निदान बेल तरी वाजवायच्या.